चूल बंद, काटा बंद

सकाळी सहा

सप्टेंबर 2020. मोखाड्यात पाऊस अजून हटला नव्हता. मी तेव्हा या तालुक्यात मुख्यसेविका होते आणि पंचवीसेक अंगणवाड्यांचे बीट माझ्याकडे होते. उठल्या उठल्या फोन हातात घ्यावा लागे. पाड्यांवर रेंज मिळते ती टेकाडाच्या एखाद्या कोपऱ्यालाच, त्यामुळे सेविकांनी आदल्या संध्याकाळी पाठवलेले संदेश पहाटे एकदम येऊन पडत. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम 15 तारखेला सुरू झाली होती. किती घरे झाली, ताप किती जणांना, ऑक्सिजन कोणाचा कमी भरला, हे सगळे संदेशांत असे. मुलांच्या वजनाची ओळ एखादीच सेविका आपणहून लिही, कारण तो आकडा त्या आठवड्यात कोणी मागितलेला नव्हता.

त्या दिवशी एकीने लिहिले होते, “मॅडम, भट्टीवरून आलेल्या घरातलं धाकटं पोर बघायला या. मला ठीक वाटत नाही.” दिवस कुठून सुरू करायचा ते ठरले.

सव्वासात

पिशवीत मास्क, सॅनिटायझर, टांगता वजनकाटा, त्याची झोळी आणि दंडघेर मोजायची तीन रंगांची पट्टी. दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा बारीक भरला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यापुढे हिरवा. ही पट्टी जगभर वापरतात आणि ती अगदी स्वस्त आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल धोक्यात आहे का, हे तिने अर्ध्या मिनिटात कळते. लॉकडाऊनच्या सुरुवातीच्या महिन्यांत ती कपाटात पडून राहिली. मुलांना हात लावायचा नाही, घोळका जमवायचा नाही, एकच झोळी सगळ्यांना वापरायची नाही, असे आदेश होते. साथीत त्यांना कारणही होते. पण झोळी धुऊन, उन्हात वाळवून घरोघर वजन घेता येते हे आम्हाला जूनपर्यंत कोणी सांगितले नाही, आणि ते तीन महिने भरून निघाले नाहीत.

साडेआठ

अंगणवाडीच्या दाराला कुलूप. भिंतीवर अ अननसाचा, आ आंब्याचा. ओट्यावर गव्हाची पोती, डाळीच्या पिशव्या, तेलाच्या पिशव्या. सेविका आणि मदतनीस यादी घेऊन बसल्या होत्या, समोर खडूने आखलेल्या चौकोनांत बाया उभ्या होत्या.

मार्चपर्यंत इथे काय चालत असे ते सांगायला हवे. तीन ते सहा वर्षांची मुले दहाच्या सुमारास येत. आधी काहीतरी खाऊ, मग बारा वाजता गरम आहार, म्हणजे खिचडी किंवा उसळ-भात. रांधायचे काम बचत गटाच्या बायांचे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने या वयाच्या मुलाला रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळण्याचा हक्क तेव्हा दिला होता, आणि कुपोषित मुलाला 800 कॅलरी. त्यासाठी सरकारी दर होता माणशी दिवसाला 8 रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी 12 रुपये. एवढ्या पैशात काय शिजते ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. आहार कितीही साधा असला तरी तो मुलाच्याच ताटात पडत होता. सेविका समोर बसलेली असे. कोण जेवले, कोणी नुसता भात चिवडला, कोण आज आलेच नाही, हे तिला पाहता पाहता समजे.

अंगणवाड्या बंद झाल्यावर गरम आहाराच्या जागी कोरडा शिधा सुरू झाला. गहू, मसूर डाळ, चवळी किंवा हरभरा, मिरची पूड, हळद, मीठ, तेल. पन्नास दिवसांचा शिधा एकदम. 18 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेऊन राज्यांना विचारले होते की शाळा-अंगणवाड्या बंद असताना मुलांच्या आहाराचे काय. त्यानंतर घरपोच शिध्याला वेग आला. ही व्यवस्था उभी राहिली म्हणून कित्येक घरांत चूल पेटली. ती उभी करणाऱ्या सेविकांनी डोक्यावर पोती वाहिली आहेत, ओढे ओलांडले आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण आमचा भाग भात-नागलीचा. इथे घरात गहू आला की तो दळायचा प्रश्न आधी येतो. गिरणी दोन-तीन कोसांवर, दळणाला पैसे, त्यात वीज असेल तर. मसूरही इथल्या जिभेची नाही. इथे उडीद, फार तर तूर. रांगेतल्या एका बाईने मला विचारले, “बाई, या गव्हाचं काय करू? भरडून पेज होईल का?” होते. मी तिला सांगितले कशी करायची. पण ती घरी जाऊन तो गहू दुकानात तांदळावर बदलून घेणार हे मला दिसत होते, आणि त्यात तिचे काही चुकत नव्हते. सात माणसांच्या घरात एका मुलाच्या नावाचा शिधा वेगळा शिजत नाही. तो एकाच भांड्यात पडतो. पन्नास दिवसांचा पंधरवडाही पुरत नसे. त्या भांड्यातून आधी कामाला जाणाऱ्याला वाढतात, मग मोठ्या मुलांना. अडीच वर्षांचे पोर हात पुढे करून मागत नाही, भुकेने निपचित होते आणि झोपते. घरच्यांना वाटते, शांत आहे.

शिधा घरापर्यंत पोचला, मुलाच्या तोंडापर्यंत पोचला नाही. त्या वर्षाबद्दल मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बाकी सगळे त्यातूनच निघते.

साडेदहा

कातकरी पाडा. गाडी ओढ्याच्या अलीकडे ठेवून चिखलातून चढ चढावा लागला. सेविका पुढे, मी मागे.

कुडाच्या भिंतीचे झोपडे, आत धूर. घरातली माणसे दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली होती. आमच्या भागातली कातकरी कुटुंबे अशीच जातात. पावसाच्या आधी मालकाकडून उचल घ्यायची, ती फेडायला सहा-सात महिने भट्टीवर राबायचे आणि दर आठवड्याला मिळणाऱ्या खर्चीवर जगायचे. मार्चच्या अखेरीस सगळे ठप्प झाले. कामाचा भरवसा गेला, तशी खर्चीही आखडली. उचल तशीच अंगावर राहिली. ही माणसे मेमध्ये काही चालत, काही टेम्पोने परत आली. गावात आल्यावर त्यांना चौदा दिवस शाळेच्या पडवीत ठेवले होते. तेव्हा त्यांच्यासोबत नुकतेच रांगायला लागलेले एक मूल होते. त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नव्हते. भट्टीजवळच्या अंगणवाडीला ते परगावचे आणि आमच्या अंगणवाडीत ते अजून आलेले नव्हते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली होती. एप्रिलमध्ये लसीकरणाची सत्रेच बंद होती.

आता ती मुलगी चौदा महिन्यांची होती. आईच्या कडेवर, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. केस तांबूस, विरळ. रडायलाही तिला जोर लागत होता. सेविकेने झोळी अडकवली आणि काटा 6 किलो 300 ग्रॅमवर थांबला. या वयाच्या मुलीचे वजन साधारण नऊ किलोच्या पुढे असायला हवे. दंडाला पट्टी लावली, 11.2. लाल. दोन्ही पायांवर अंगठा दाबून पाहिला, खळगा पडत नव्हता. म्हणजे सूज नाही. अंगात ताप नव्हता, श्वास नीट होता.

“काय खाते?”

“खायाच नाय बाई. पेज देते, तीबी थुंकते. चहा-बिस्किट खाते थोडं.”

आई सकाळी लावणी-निंदणीच्या कामाला जायची आणि संध्याकाळी परत यायची. दिवसभर मुलगी आठ वर्षांच्या बहिणीकडे. शाळा बंद, म्हणून बहीण घरी. तीच तिला चहात बिस्किट बुडवून द्यायची. पाच रुपयांचा पुडा. दुपारी घरात असेल तर मिरचीचे कालवण आणि भात, तो त्या जिभेला सोसत नाही. अंगावरचे दूध पहाटे आणि रात्री. रेशन कार्ड होते, पण त्यावर या मुलीचे नाव नव्हते, मधल्या मुलाचेही नव्हते. एप्रिलपासून माणशी पाच किलो मोफत धान्य येत होते ते कार्डावर जेवढी नावे तेवढ्यांसाठी. ज्या घरात खाणारी तोंडे जास्त आणि कार्डावर नावे कमी, तिथे साथीच्या काळातली सगळ्यात मोठी मदतही अर्धीच पोचत होती.

लहान मुलाचे पोट त्याच्या मुठीएवढे. पातळ पेजेने ते भरते, पण पेजेत पाणीच जास्त. सहा महिने ते दोन वर्षे हा काळ असा की दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे आणि घट्ट, तेल-तूप घातलेले खाणे पोटात जायला हवे. हे करायला घरात अन्न लागते आणि दिवसा हाताशी मोकळे मोठे माणूस लागते. साथीने दोन्ही काढून घेतले. त्यातच जुलाब किंवा ताप आला की भूक मरते. भूक मेली की अंगातली ताकद सरते आणि पुढचा ताप लवकर येतो. शेवटच्या टप्प्यावर मूल न्यूमोनियाने किंवा जुलाबाने जाते आणि कागदावर तेच कारण लागते. 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत मुले गेली तेव्हाही हा वाद झाला होता, भूक की आजार. या मातीत राहणाऱ्या कोणालाही त्याचे उत्तर माहीत आहे.

मी चुलीशी बसले. शिध्यातली मसूर होतीच. ती मऊ शिजवली, मिरची न घालता. त्यात भात कुस्करला, हळद, मीठ आणि वरून चमचाभर कच्चे तेल. बहिणीला शेजारी बसवले, कारण भरवणार तीच होती. पहिला घास मुलीने जिभेने बाहेर ढकलला. दुसरा तोंडात धरून ठेवला. तिसरा गिळला. सेविका न बोलता मोजत होती. सात-आठ घास गेले. तीव्र कुपोषित मूल समोर खाते की नाही याला फार महत्त्व आहे. खात असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावात ठेवून सुधारू शकते, खातच नसेल तर दवाखान्याशिवाय गत्यंतर नाही.

नियमाने तिला पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवता आले असते. पण त्या दिवसांत रुग्णालयांच्या खाटा आणि माणसे कोविडकडे वळवलेली होती आणि आई ऐकायलाच तयार नव्हती. “तिथं नेलं का कोरोना निघंल. मंग माना येगळी ठेवतील, पोर येगळी.” ही भीती एकट्या तिची नव्हती, सगळ्या पाड्याची होती. मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला, वजन-दंडघेर सांगितले. नर्सबाई दुसऱ्या दिवशी येऊन तपासून औषध देतील असे ठरले. तोवर सेविकेने सांगितले, “सकाळी आणि दुपारी मी भरवीन. ओट्यावर आणा तिला.” ग्राम बाल विकास केंद्र म्हणतात ते हेच: गावातच दिवसातून अनेकदा तीव्र कुपोषित मुलाला खायला घालायचे, वजनावर लक्ष ठेवायचे. अंगणवाडी बंद म्हणून तेही बंद, असा अर्थ काही ठिकाणी लावला गेला. आम्ही लावला नाही.

निघताना मोड आणून वाळवलेल्या नागलीचे पीठ कसे करायचे ते आईला सांगितले. मोड आलेल्या धान्याची लापशी घट्ट असूनही चिकट होत नाही, मूल तेवढ्याच घासांत जास्त खाते. “नागली पिकली म्हंजे करीन,” ती म्हणाली. नागली पिकायला अजून दीड महिना होता.

बारा

पुढच्या पाड्यावर अंड्यांचे वाटप. आदिवासी भागात 2015 पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे, त्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी मिळतात. माझ्या मते आमच्या हाती असलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट. अंडे दळावे लागत नाही, वाटून घेताना त्याचे सात भाग होत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी-अंड्यातून कोरोना येतो ही अफवा फोनवरून इथवर आली होती आणि काही आयांनी अंडी परत केली होती. आमची मदतनीस तेव्हा प्रत्येक घरी आधी स्वतः अंडे खाऊन दाखवायची. सप्टेंबरपर्यंत ती भीती गेली होती, पण आता पुरवठा अडखळत होता. पाऊस, रस्ते, वाढलेला भाव.

दुपारी दीड

सेविकेच्या घरी जेवले. नागलीची भाकरी, उडदाचे कालवण. तिची स्वतःची दोन मुले, घरात सासरे दम्याचे. ती रोज पंधरा-वीस घरांत जाऊन येत होती आणि घरात शिरण्याआधी मागच्या दारी आंघोळ करत होती. नंदुरबारच्या चिमलखेडीत रेलू वसावे नावाच्या सेविकेने त्याच वर्षी नर्मदेतून होडी वल्हवत पाड्यांवर जाऊन बाळांची वजने घेतली, ते वर्तमानपत्रांत आले, तिचा सन्मान झाला, फार चांगले झाले. अशा बाया प्रत्येक तालुक्यात होत्या. केंद्राने ठरवलेले सेविकेचे मूळ मानधन 2018 मध्ये महिन्याला 3,000 वरून 4,500 रुपये झाले होते. त्याला मानधन म्हणतात, पगार नाही, कारण ती कर्मचारी धरली जात नाही.

तीन

तालुक्याच्या ठिकाणी आढावा. अर्धे लोक खोलीत, अर्धे फोनवर. पडद्यावर तक्ता आणि तक्त्यात एप्रिल ते जून तीव्र कुपोषित मुलांची संख्या घटलेली. कोणीतरी म्हणाले, परिस्थिती आटोक्यात दिसते. मी उठून सांगितले की या तीन महिन्यांत वजनेच झालेली नाहीत. जे मूल काट्यावर चढले नाही ते तक्त्यात येत नाही. खोलीत कोणी हरकत घेतली नाही, पण तक्ता तसाच पुढे गेला.

हा मुद्दा आमच्या तालुक्यापुरता नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले खुजी आणि 25.6 टक्के कृश आढळली. लोक हे आकडे कोविडशी जोडतात, पण राज्यातली ती पाहणी 2019 मध्येच उरकली होती. म्हणजे साथ येण्याआधीच चारातले एक मूल उंचीच्या मानाने कमी वजनाचे होते. जुलै 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अंदाज आला की साथीच्या पहिल्या वर्षात जगात आणखी 67 लाख मुले कृश होतील आणि त्यांतली निम्म्याहून जास्त दक्षिण आशियातली असतील. मग देशातले आकडे आले. नोव्हेंबर 2020 अखेर तीव्र कुपोषित मुले 9 लाख 27 हजार, ऑक्टोबर 2021 मध्ये 17 लाख 76 हजार. वर्तमानपत्रांनी जवळजवळ दुप्पट वाढ असे मथळे दिले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या, दुसरा आकडा नव्या मोबाइल ॲपमधून आलेला, त्यामुळे वाढ दुपटीची असे छातीठोक म्हणता येत नाही. वाढ कमी होती असेही म्हणता येत नाही. ज्या महिन्यांत पाहायला हवे होते त्याच महिन्यांत आपण पाहिले नाही, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

साडेपाच

परतीच्या वाटेवर दोन फोन. एक रेशन कार्डात नाव चढवण्यासाठी पुरवठा शाखेला. आधार लागेल म्हणाले. मुलीचे आधार नाही, नोंदणी केंद्र बंद. दुसरा फोन पाड्यावरच्या एका तरुणाचा, “खावटीचं काय झालं बाई?” आदिवासी कुटुंबाला 4,000 रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचा किराणा, असा निर्णय त्याच महिन्यात झाला होता. चांगला निर्णय. पण भूक आषाढ-श्रावणात होती आणि किराणा पोचेपर्यंत पुढचा पावसाळा आला.

रात्री नऊ

अहवाल भरताना त्या मुलीचे नाव पहिल्यांदा नोंदवहीत लिहिले. डिसेंबरपर्यंत ती साडेसात किलोच्या वर गेली, दंडघेर पिवळ्यात आला. तिला वाचवले ते दिवसातून दोनदा ओट्यावर बसून भरवणाऱ्या सेविकेने. पन्नास दिवसांच्या पोत्याने हे झाले नसते.

13 जानेवारी 2021 रोजी दीपिका जगतराम सहानी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रतिबंधित क्षेत्राबाहेरच्या अंगणवाड्या 31 जानेवारीपर्यंत उघडा, आणि उघडायच्या नसतील तर तसा निर्णय राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाने घ्यावा. पण दुसरी लाट आली आणि ताजा आहार पुन्हा लांबला.

साथ पुन्हा येईल तेव्हा काय करायचे हे आता ठरवता येते, कारण त्या वर्षात काय कमी पडले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दवाखाना, रेशन दुकान आणि दूध यांच्याबरोबर अंगणवाडीची चूल आणि वजनकाटा अत्यावश्यक सेवेत असायला हवा. मुले पाच-पाच करून जेवतील, उघड्या ओट्यावर जेवतील, पण जेवतील. ज्या गावात ताट देणे अशक्यच, तिथे पोत्याऐवजी अंडी आणि मुलाच्या वयाचे शिजवलेले खाणे घरी जावे. भट्टीवरून परतलेल्या घराची नोंद त्याच दिवशी व्हावी, कार्ड असो वा नसो.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करावा लागतो. आमच्यासारख्या आदिवासी भागात पेसा कायद्याखालचा निधी वेगळा. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा उठून एवढे विचारा: गेल्या महिन्यात गावातल्या किती मुलांचे वजन झाले, कोणाचे राहिले, आणि राहिलेल्यांच्या घरी कोण जाणार आहे?